हातात धरलेली सायकल

आमच्या घरात रस्त्यांची चौकशी बांगड्यांवरून व्हायची. अब्बा मणेर. गावोगावच्या आठवडे बाजारात बसून ते बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरायचे. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पत्र्याची निळी पेटी, तिच्यात पेंढ्याच्या थरांत निजवलेले हिरव्या-लाल बांगड्यांचे जुडगे, हँडलला लटकवलेलं भाकरीचं फडकं, एवढा संसार रोज सकाळी घराबाहेर पडायचा आणि दिवस मावळायच्या सुमाराला परत यायचा. अंगणात सायकल टेकली की अम्मा पाण्याचा तांब्या पुढं करून पहिला प्रश्न विचारायची, "किती वाढल्या?" बांगडी फुटली असं आमच्यात तोंडातून काढत नाहीत, वाढली म्हणायचं. मग अब्बा सांगायचे, आटपाडीच्या वाटेला दोन, दिघंचीला एक, जतच्या बाजूला मूठभर. शाळेतल्या नकाशात आमच्या जिल्ह्याचे सगळे रस्ते एकाच जाडीच्या रेघेनं काढलेले होते. मला तो नकाशा कायम खोटा वाटायचा, कारण कुठली रेघ किती खडबडीत आहे हे मला घरबसल्या ठाऊक होतं.

सगळ्यांत वाईट होता तो आमच्या काळेबोरचाच ओढा. गाव आणि आटपाडी यांच्या मधे हा आडवा पडलेला. त्याच्यावर पूल नव्हता, फरशी होती, म्हणजे पात्रातच दगड बसवून केलेली वाट. वर्षाचे बहुतेक महिने ओढा कोरडाच असायचा, पण दोन्ही बाजूंचे उतार असे उखडलेले की एस.टी. त्यावर आली की आतली माणसं बाकं सोडून उभी राहायची. वर कुठंतरी पाऊस झाला आणि ओढ्याला पाणी आलं की गाव दोन-दोन दिवस अडकून पडायचं. अब्बा उताराच्या अलीकडच्या बाभळीपाशी सायकलवरून उतरायचे, एक हात हँडलवर आणि दुसरा पेटीवर ठेवून फरशी ओलांडायचे आणि पलीकडचा चढ संपला की पुन्हा टांग मारायचे. पेटीवरचा हात असा अलगद असायचा, जणू आत कुणाचं लेकरू झोपलंय. संध्याकाळी परत येताना तेच उलट्या बाजूनं. बाभळीपाशी सायकलची घंटी एकदा वाजली की अम्मा चुलीवर तवा ठेवायची.

मी विट्याला खालाकडं, म्हणजे मावशीकडं, राहून बारावी झाले आणि त्याच उन्हाळ्यात खालाच्या घरात सून आली. दोन खोल्यांत माझी जागा राहिली नाही. आता कॉलेज करायचं तर आटपाडीला, आणि आमच्या गावातून जाणारी एस.टी. एकच, दुपारची. कॉलेज सकाळचं. अब्बा डेपोत जाऊन विचारून आले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, त्या फरशीवरून सकाळची गाडी सोडून मला गाडी मोडायची नाही, पूल होऊ द्या, दुसऱ्या दिवशी गाडी देतो. अब्बांनी हे घरात येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून मला पूल हवा होता. गावाला तो पिढ्यान् पिढ्या हवाच होता, पण गावाला घाई नव्हती आणि मला होती.

आणि नेमका त्याच वर्षी आषाढाच्या शेवटी, नागपंचमी आठ-दहा दिवसांवर असताना, बांधकाम खात्याचा ओव्हरसिअर मोटारसायकलवरून गावात आला. तरुण होता, कोकणाकडचा असावा, आमच्या उन्हाला वैतागलेला. सात दिवस या रस्त्यावरून काय काय जातं ते मोजायचं होतं, त्यासाठी लिहिता-वाचता येणारी माणसं हवी होती. रात्रीच्या पाळीला दोन बापये मिळाले. दिवसाच्या पाळीला हवालदार तात्या उभे राहिले आणि त्यांच्या जोडीला, शेजारी म्हणून आणि अक्षर बरं म्हणून, माझं नाव त्यांनीच सुचवलं. तात्या सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, एक पाय किंचित ओढत चालायचे आणि सकाळचा चहासुद्धा घड्याळ बघून प्यायचे. अम्मा कुरकुरली, पोरीच्या जातीनं रस्त्यावर बसायचं म्हणजे काय. अब्बा म्हणाले, "मी जलमभर रस्त्यावरच बसलोय की." विषय तिथं संपला.

बाभळीच्या सावलीला पोत्यांचं छप्पर करून आमची चौकी थाटली. कागदावर रकाने होते: एस.टी., ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, सायकल, बैलगाडी. वाहन गेलं की त्याच्या रकान्यात एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मला वाटलं होतं, कंटाळ्यानं जीव जाईल. पण पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात एक किडा शिरला. रेघ ओढताना कळायचं नाही की या टेंपोत आहे काय आणि चाललाय कुठं. फरशीमुळं प्रत्येक वाहन आमच्यापुढं बैलाच्या चालीनं जायचं, मग मी उठून विचारायला लागले आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. तात्यांनी ते पाहिलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "फुडची बाजू सरकारची. मागची तुझी. लिही."

त्या मागच्या बाजूवर मला माझा मुलूख पहिल्यांदा दिसला. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली सकाळी भरलेल्या जायच्या आणि दुपारी रिकाम्या खणखणत यायच्या. ट्रॅक्टरमधून कडबा जायचा. पाण्याचा टँकर यायचा, आणि त्याच्या तोटीतून गळणारी धार रस्त्यावर वाळायच्या आत चिमण्या येऊन बसायच्या. एका जीपमधून पांढरे स्वच्छ कपडे घातलेले तिघे गलाईवाले उतरले. आमच्या भागातली माणसं पार आसाम-केरळपर्यंत सोनं-चांदी गाळायच्या दुकानांत जातात हे ऐकून माहीत होतं, पण हे तिघे तीन वेगवेगळ्या राज्यांतून आले होते आणि आमच्या फरशीवर जीप रुतू नये म्हणून खाली उतरून ढकलत होते. एकाला मी विचारलं, तिकडचे रस्ते कसे आहेत. तो म्हणाला, "लय भारी. पण आपल्या हिकडं माती गोड हाय." मी तेही लिहून घेतलं.

ज्याला रकानाच नव्हता ते मला सगळ्यांत जास्त कोड्यात टाकायचं. मेंढरं. जतच्या बाजूनं खांड चालत यायचं, पुढं घोड्यावर बांधलेलं बिऱ्हाड, मागं कुत्री, आणि सगळा रस्ता भरून लोकरीची पाठ. ते ओढ्यात उतरलं की एस.टी. सुद्धा थांबायची. एवढा माल रस्त्यावरून बाजाराला चालला आहे आणि कागदावर त्याची एक रेघ नाही. मी तात्यांना विचारलं, मेंढरं कुठं लिहायची. "मेंढरू वाहन न्हाई."

"ट्रकात घातली तर?"

"मग ट्रक लिहायचा."

"म्हंजे पायानं गेली की न्हाईत, आन ट्रकानं गेली की हायत?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "ड्यूटी करताना लय इचार करू नये," म्हणाले, पण त्यांनाही ते खटकलं असावं, कारण पुढचं खांड आलं तेव्हा ते स्वतः उठून मेंढपाळाला विचारून आले की किती आहेत, आणि मला म्हणाले, "मागच्या बाजूला लिही."

परवा विट्याजवळ गाडीतून जाताना रस्त्यावर आडवी टाकलेली काळी रबरी नळी पाहिली आणि शेजारी खांबाला एक डबा. त्यावरून चाक गेलं की डब्यात आकडा पडतो म्हणे. छान आहे, नळीला ऊन लागत नाही. पण त्या डब्याला मागची बाजू नाही, याचं मला उगाचच वाईट वाटलं.

तर पहिले दोन दिवस आमच्या कागदावर गावची वाहनं जवळजवळ आलीच नाहीत. पारावर कुणीतरी सांगितलं होतं की गाड्या मोजतायत म्हणजे नाका बसवून कर घेणार. झालं, सगळं गाव ओढ्याच्या खालच्या अंगानं, काट्याकुट्यातून जायला लागलं. तिसऱ्या दिवशी ओव्हरसिअर कागद बघायला आला आणि म्हणाला, या रस्त्याला रहदारीच नाही, मग पूल कुणासाठी बांधायचा. तात्या तडक पारावर गेले. तिथं ते काय बोलले मला माहीत नाही, पण सैन्यातलं काहीतरी असावं, कारण चौथ्या दिवशी उजाडताच गावातल्या सगळ्या बैलगाड्या रस्त्यावर.

सगळ्यांत पुढं संपतची गाडी. संपत म्हणजे गावचा पुढारी व्हायची हौस असलेला तरुण शेतकरी. त्याच्या खिलार जोडीतल्या एका बैलाचं शिंग मोडलेलं होतं, त्यामुळं ती जोडी अर्ध्या कोसावरून ओळखू यायची. ती फरशी ओलांडून पलीकडं गेली, वळली, परत आली, पुन्हा वळली. मागोमाग दुसरी, तिसरी. रिकाम्या गाड्या, वर पोरं बसलेली, जत्रेला निघाल्यासारखा सगळा थाट. संपत प्रत्येक खेपेला हात वर करून म्हणायचा, "लिहिलं का मुमताज?" मी तात्यांकडं बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता काठी घेऊन उठणार. तात्या लाल झाले होते. पण म्हणाले, "कागदात किती ते इचारलंय. कुणाची ते न्हाई. येईल तेवढी रेघ." आणि दात-ओठ खात स्वतःच्या हातानं बैलगाडीच्या रकान्यात रेघा ओढायला लागले. नियम म्हणजे नियम. मोडक्या शिंगाचा तो बैल त्या एका दिवसात कागदावर एक कळपच होऊन गेला.

दुपारी अम्मानं पाठवलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गाडग्यातलं हुलग्याचं माडगं आम्ही वाटून घ्यायचो. तात्या माडगं पिताना एकदम लहान मुलासारखे दिसायचे, ओठांवर पांढरी रेघ उमटायची. पाचव्या दिवशी जेवताना मी सहज सायकलींचा रकाना मोजत होते आणि मला जाणवलं की रोज सकाळ-संध्याकाळ जाणारी एक सायकल त्यात नाही. अब्बांची. मी म्हणाले, तात्या, आपण अब्बांना विसरलो.

"इसरलो न्हाई. त्यो बाभळीपाशी उतरतोय. हातात धरलेली सायकल वाहन न्हाई. त्यो चालणारा माणूस."

"पण चालतात ते रस्ता वाईट हाय म्हणून."

"व्हय."

"रस्ता नीट असता तर बसून गेले असते, आन आपण लिहिलं असतं."

"व्हय की."

"मग जिथं रस्ता लय वाईट, तिथं कागदावर माणूसच न्हाई म्हणा."

तात्यांनी गाडगं बाजूला ठेवलं. म्हणाले, "मुमताज, नियम मी केला न्हाई."

त्या संध्याकाळी मी अब्बांना सगळं सांगितलं. ते ओसरीवर बसून जुडगे बांधत होते. नागपंचमीचा माल नुकताच सांगलीहून आला होता, पेटी काठोकाठ भरली होती. वर्षातला हा एक सण आमचं घर वर काढायचा, गावोगावच्या लेकी माहेरी आलेल्या असायच्या आणि हात रिकामा ठेवून कुणी झोका घेत नाही. मी म्हणाले, "अब्बा, तुमी पाच दिवस माझ्याफुडनं गेलासा, पण कागदावर न्हाईसा. उद्या फरशीवरनं एकदा बसून जावा की." ते हसले. "ह्या मालासंगट? येडी का काय तू." मीही हसले, पण मला खरंच वाटत होतं की ती एक रेघ पडली पाहिजे. संपतच्या बैलाच्या पंचवीस आणि माझ्या अब्बांची एकही नाही, हे मला सहन होत नव्हतं. आणि लपवत नाही, त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला मला सकाळची एस.टी. उभी दिसत होती.

सहाव्या दिवशी सकाळी अब्बा बाभळीपाशी आले. सवयीनं एक पाय खाली टेकला. माझ्याकडं बघितलं. मी कागद मांडीवर घेऊन बसले होते आणि पेन्सिल हातात होती. त्यांनी पाय परत पायडलवर ठेवला आणि उतार सोडला.

पहिल्या खड्ड्यात पेटीनं उडी घेतली आणि आतून आवाज आला. एकाच वेळी खूप बांगड्या बोलल्या की होतो तसला. मला तो आवाज लहानपणापासून माहीत होता, पण थोडा-थोडा. असा सलग कधी ऐकला नव्हता. अब्बा हँडल घट्ट धरून, पाठ ताठ ठेवून, एकदाही मागं न बघता फरशीवरून गेले. दगडामागून दगड, आणि प्रत्येक दगडाला आतून उत्तर. पलीकडचा चढ त्यांनी उभ्यानं पायडल मारून चढला. हवालदार तात्या कधी उभे राहिले मला कळलं नाही. आवाज थांबल्यावर ते हळू म्हणाले, "सायकल एक. लिही." मी रेघ ओढली. पेन्सिलचं टोक मोडलं, मग दुसऱ्या पेन्सिलनं ती पुरी केली.

त्या संध्याकाळी अम्मानं नेहमीचा प्रश्न विचारला. अब्बा पाणी पिऊन म्हणाले, "रस्ता नीट हुता आज." मग हात-पाय धुवायला गेले. अम्मानं पेटी उघडली. तिला काय दिसलं ते मलाही दिसलं. हिरव्या जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या, आणि नागपंचमीला तर हिरव्याच लागतात. अम्मानं पेंढा झटकून काचा सुपात घेतल्या आणि परसात पुरल्या. जेवायला बसल्यावर अब्बांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मोजलंस न्हवं मला?"

"मोजलं."

"मग झालं."

सातव्या दिवशी ओव्हरसिअर कागद न्यायला आला. बैलगाड्यांचा रकाना पाहून तो मोठ्यांदा हसला आणि म्हणाला, रस्त्यावरचं शेण बघूनच ओळखलं होतं. मग त्यानं मला नीट समजावून सांगितलं, आणि चांगल्या मनानं सांगितलं. पूल ठरतो तो भरलेल्या ट्रकवर आणि जड वाहनांवर. बैलगाड्या शंभर फिरवल्या तरी पूल येत नाही, आणि सायकली तर त्या हिशेबात धरतच नाहीत. मी विचारलं, इथं ट्रक का नाहीत ते माहीत आहे का. म्हणाला, माहीत आहे, पूल नाही म्हणून. मग त्यानं कागद उलटला आणि मागची बाजू वाचायला लागला. मेंढरं, किटल्या, कडबा, गलाईवाल्याची गोड माती, सगळं. तो उन्हात उभा राहून ते शेवटपर्यंत वाचत राहिला. म्हणाला, "पुढच्या बाजूत तुमचा पूल बसत नाही. मागच्या बाजूत बसतो. पण मागची बाजू वरती कोण वाचत नाही." कागदांची घडी करून त्यानं पिशवीत ठेवली आणि गेला.

घरी आले तर अब्बा ओसरीवर माझीच वाट बघत होते. त्या दिवशी ते बाजाराला गेले नव्हते. विकायला होतंच काय. "काय म्हणला सायेब?" मी चप्पल काढायला वाकले आणि वाकल्या-वाकल्या म्हणाले, "म्हणला, सायकली लय हायत ह्या रस्त्याला. धरल्या त्यानं." अब्बांनी मान हलवली आणि अम्माला हाक मारून सांगितलं, चहा टाक.

पूल आला नाही, सकाळची गाडीही आली नाही. मी बी.ए. केलं ते घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन. पुस्तकं अब्बा आटपाडीहून आणायचे, निळ्या पेटीत, जुडग्यांच्या मधे पेंढ्यात गुंडाळून. माझ्या राज्यशास्त्राच्या पुस्तकाच्या पानांत कितीतरी वर्षं काचेचा हिरवा चुरा निघायचा. पुढं पंचायत समितीत नोकरी लागली आणि मी जन्मभर असलेच रकाने भरत राहिले. शक्य तिथं मागच्या बाजूला काहीतरी लिहायची खोड मात्र गेली नाही. त्यावरून दोनदा साहेबांची बोलणी खाल्ली.

पूल आला तो फार उशिरा. उपसा योजनेचं पाणी माळावर चढलं, डाळिंबाच्या बागा झाल्या, ट्रक यायला लागले, आणि मग ट्रकांमागून पूल. तोवर तात्या गेले होते. अब्बांनी धंदा सोडला होता. पण पुलाचं काम सुरू झालं तेव्हापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "ह्या पुलात माझी बी एक रेघ हाय. इचारा माझ्या लेकीला." लोक माझ्याकडं बघायचे आणि मी हो म्हणायची. एकदा म्हटलेलं मागं कसं घेणार.

पूल खुला झाल्यावर एके दिवशी मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून आटपाडीला डॉक्टरकडं नेत होते. बाभळीच्या जागी आता फक्त बुंधा उरला होता. तिथं त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थांबले. ते उतरले. म्हणाले, "चालतो मी. सवय पडलीया." मग मी स्कूटी बंद करून हातानं ढकलायला लागले आणि ते सीटवर हात ठेवून शेजारून चालायला लागले. तसाच अलगद हात. खाली ओढ्यात जुनी फरशी दिसत होती. मधोमध आल्यावर त्यांनी विचारलं, "मुमे, खरं सांग. सायबानं माझी रेघ धरलीती का?"

आता खोटं बोलायचं वय माझंही राहिलं नव्हतं. "न्हाई अब्बा. पुलाला सायकल धरत न्हाईत."

"ठावं हुतं मला. तवाच. चप्पल काढायला तू लय येळ लावलास."

"मग इतकी वर्सं गावभर का सांगत फिरलासा?"

ते थोडं चालले. "तू माझ्यापायी खोटं बोललीस. ते वाया कसं जाऊ द्यायचं," म्हणाले.

पुलाच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, सावकाश मागं बसले आणि नीट बसल्याची खूण म्हणून पाठीवर हात ठेवला. "चल," म्हणाले, "रस्ता नीट हाय."